दोन पटकन, एक उशिरा

१

रविवारी जेवण झालं की मी दुकानाचं शटर अर्धं वर करतो, बाकडं पुसतो आणि मोठ्या प्लेअरची सुई मऊ ब्रशाने साफ करतो. तीन वाजता मंडळी येतात.

मी रेकॉर्ड प्लेअर दुरुस्त करणारा माणूस. शिक्षण चौथीपर्यंत. दुकान पुढे, घर मागे, मध्ये एक पडदा. पडद्यापलीकडे बायको असते, आणि घराचं दार मागच्या गल्लीत उघडतं. पत्ता विचारणारा माणूस पुढे येतो, ओळखीचा मागे.

मंडळी तीनच. पोस्टमास्तर, आता निवृत्त. दंतवैद्य, अजून लोकांचे दात काढतात. आणि स्टेनोबाई, ज्यांनी कोर्टात उभा जन्म लोकांची बोलणी लघुलिपीत उतरवण्यात घालवला. तिघांचा जीव एका जुन्या रॉक बँडवर, आणि त्यातही एकाच रेकॉर्डवर. तिचं खरं नाव लांबलचक आहे. कव्हर निळं म्हणून आम्ही तिला 'निळी' म्हणतो. निळी निघून पंचेचाळीस वर्षं झाली. वाजवणाऱ्यांतले दोघे गेले, एकाला ऐकू येत नाही. पण कंपनी दर काही वर्षांनी ती नव्याने काढते, आणि नवी आली की आमच्या बाकड्यावर भांडण पेटतं.

"रीमास्टर म्हणजे म्हातारीला लाली लावणं," पोस्टमास्तर म्हणतात. "पहिली निघाली ती खरी. बाकी सगळ्या तोतया."

"तुमचं काय आहे ना, तुम्हाला खरखर म्हणजेच संगीत वाटतं," दंतवैद्य म्हणतात. "माझे पेशंटही असेच. किडलेला दात नीट भरून दिला की म्हणतात, डॉक्टर, हा माझा वाटतच नाही."

"वाटत नाही म्हणतात ना? मग नसेल त्यांचा."

हे असं पाच वाजेपर्यंत चालतं. मी ऐकतो. मला बोलायला वेळ लागतो, आणि माझं वाक्य जुळेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो.

एक गोष्ट मात्र सांगून ठेवतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. शिवलेला सदरा धुऊन इस्त्री केला तर ते रीमास्टर. त्याच सदऱ्याची शिवण उसवून तेच तुकडे पुन्हा शिवले तर ते रीमिक्स. दोन्हींत कापड तेच. नवीन धागा यायला जागा नाही. मी हेच घट्ट धरून बसलो होतो.

२

निळीची एक खोड प्रसिद्ध आहे. प्रत्येक गाणं सुरू होण्याआधी, एक-दोन सेकंद आधी, त्याच गाण्याची सुरुवात अगदी पुसट ऐकू येते. दूरच्या खोलीत कोणी ते वाजवून बघावं तशी. ऐकणारे तिला 'सावली' म्हणतात. पोस्टमास्तरांच्या मते ती बँडची करामत आहे. "आधी सावली येते, मग माणूस येतो. काय कल्पना आहे!" दंतवैद्यांच्या मते तो दोष आहे आणि तो पुसून टाकला पाहिजे.

दंतवैद्यांचं बरोबर आहे. तो दोष माझा आहे. हे मी मंडळींना कधी सांगितलं नाही.

निळी ज्या स्टुडिओत झाली तिथे मी टेपा सांभाळायचो. टेप गुंडाळून ठेवली की एका वेढ्यावरचा आवाज शेजारच्या वेढ्यावर पुसट उमटतो. ओल्या शाईची वही मिटली की समोरच्या पानावर अक्षरं उमटतात, तसा. म्हणून टेप नेहमी शेवट बाहेर ठेवून गुंडाळायची. मग ती पुसट नक्कल खऱ्या आवाजाच्या मागून येते आणि त्यातच लपते. उलट गुंडाळली तर नक्कल आधी येते.

त्या दिवशी मी उलट गुंडाळली. शेवटचं गाणं चारला संपलं. माझ्या लग्नाला अकरा दिवस झाले होते, आणि मला घरी जायचं होतं. टेपा फडताळात ढकलल्या आणि पळालो. नंतर कोणी ते फडताळ वर्षभर उघडलं नाही.

घर म्हणजे तेव्हा एक भाड्याची खोली. बायको नवी, जागा नवी, दार वाजलं की ती घाबरायची. म्हणून मी तिला सांगितलं, मी आलो की असा वाजवीन. दोन पटकन. मग थांबेन, तुझी पावलं ऐकीन. ती ऐकू आली की एक. असं वाजलं तरच उघड, न विचारता उघड.

पुढे घर बदललं, कुलूप बदललं, माझ्या खिशात किल्ली आली. पण दार मी तसंच वाजवत राहिलो. आणि ती न विचारता उघडत राहिली.

३

दहा वर्षांपूर्वी निळीचं एक रीमास्टर आलं. तेव्हाची गोष्ट.

शेवटचं गाणं संपतं. त्यानंतर जुन्या रेकॉर्डमध्ये नुसती खरखर आहे, मग सुई आत सरकते. नव्यात खरखर काढून टाकली होती. त्या स्वच्छ जागेत पोस्टमास्तरांना काहीतरी ऐकू आलं.

"टकटक आहे. ड्रमवाल्याच्या काठ्या."

"गाणं संपल्यावर काठ्या कशाला वाजवील?" दंतवैद्य म्हणाले. "लाकडी खुर्ची असेल."

"पण ही सावली आहे. आवाज किती पुसट आहे बघा. आणि सावली असेल तर पुढे खरा आवाज पाहिजे. तो कुठे आहे?"

"नाहीये. टेप संपली."

"मग ही कोणाची सावली?" पोस्टमास्तरांनी असं विचारलं आणि स्वतःच हसले. "वाट बघत असेल बिचारी, तिचा माणूस येईल म्हणून."

मीही हसलो. दोन पटकन होत्या, एक उशिरा. पण तीन टकटकी कोणाच्याही असू शकतात. मी मनाला तेच सांगितलं आणि दहा वर्षं ते मनाने ऐकलं.

४

गेल्या महिन्यात दंतवैद्य रीमिक्स घेऊन आले. मूळ टेपा कंपनीच्या तळघरातून काढून, प्रत्येक वाद्य सुटं करून, सगळं पुन्हा जुळवलेलं. पोस्टमास्तरांनी कव्हरला हात लावायला नकार दिला, पण ऐकायला पुढे सरकून बसले.

शेवटचं गाणं संपलं. टकटक. आता ती पुसट नव्हती. जाड लाकडी दारावर वाजवलेली होती.

आणि त्यानंतर बाईचा आवाज.

"परत लावा," स्टेनोबाई म्हणाल्या. हेडफोन कानाला लावून त्यांनी पिशवीतून वही काढली. तीनदा ऐकलं. पेन्सिल सरसर चालली. मग त्यांनी कोर्टात वाचायच्या त्याच सपाट आवाजात वाचून दाखवलं.

"टकटक, खंड. बाई: थांबा, मीच बघते. पावलं, अंदाजे सहा; दुसऱ्यानंतर टक. कडीचा आवाज. पुढे अस्पष्ट."

"स्टुडिओत कोण बाई?" पोस्टमास्तर म्हणाले. "मिस्त्री, तुम्ही या धंद्यात होता म्हणता ना? कोणी बाई कामाला होती का तिकडे?"

मी मान हलवली. नव्हती.

"खोलीत दोघं आहेत," स्टेनोबाई म्हणाल्या. "ती कोणाला तरी 'थांबा' म्हणते. मानाने म्हणते. दुसरा माणूस बोलत नाही, पण आहे."

दंतवैद्यांनी हेडफोन घेतला. ऐकता ऐकता त्यांना हसू फुटलं. "काय सांगू, धंद्याची सवय. या बाईचा वरचा पुढचा दात बसवलेला आहे. 'थ' म्हणताना वारा निसटतो बघा. काम ठीक आहे, पण कड थोडी घासायला हवी होती."

तेवढ्यात पडदा सरकला. बायको चहाचा ट्रे घेऊन आली. ट्रे ठेवला, आणि हात पुढे करणाऱ्या पोस्टमास्तरांना म्हणाली, "थांबा, बशा राहिल्या आत."

ती बशा आणायला गेली. स्टेनोबाईंची पेन्सिल वहीवर टेकलेली होती, ती हलली नाही. दंतवैद्य पडद्याकडे बघत राहिले. गेल्या वर्षीच त्यांनी तिचा पुढचा दात बसवला होता.

"योगायोग," ते थोड्या वेळाने म्हणाले. कोणी काही विचारलं नव्हतं.

पोस्टमास्तरांना यातलं काहीच कळलं नाही. त्यांचं आपलं चालूच होतं. "म्हणून म्हणतो, पहिली ती खरी. तिच्यात असल्या भानगडी नाहीत."

५

मंगळवारी बायको बाजारात गेली तेव्हा मी एकटाच ऐकायला बसलो. स्टेनोबाईंना जे अस्पष्ट वाटलं ते मला कळेल असं वाटत होतं. मी त्या आवाजाबरोबर सेहेचाळीस वर्षं राहिलोय.

टकटक.

"थांबा, मीच बघते."

पावलं. दुसऱ्यानंतर टक. एकूण सहा. आमच्या जेवणाच्या टेबलापासून मागच्या दारापर्यंत सहा पावलं आहेत, मी उठून मोजली. डावं पाऊल जरा घासतं, कारण तिचा गुडघा दुखतो. कडी. आमची कडी वर करताना एकदा कुरकुरते आणि मग सुटते. तीही कुरकुरली.

आणि मग, हळूच, हसऱ्या आवाजात: "आलात?"

त्यानंतर काही नाही. खरखरसुद्धा नाही. कापल्यासारखं.

मी हेडफोन काढून हात मांडीवर ठेवून बसलो. हा तिचा तेव्हाचा आवाज नव्हे. तेव्हा तिचा आवाज पातळ होता, गुडघा चांगला होता, दात स्वतःचा होता. हा आजचा आवाज आहे. जो आजचा आहे तो सेहेचाळीस वर्षांपूर्वीच्या टेपवर कसा असेल? नसेल. मग मला जे ऐकू येतंय ते माझ्या कानाचं म्हातारपण. पण मग स्टेनोबाईंनी तेच लिहिलं, त्याचं काय?

बरं, असेल. असला तरी भ्यायचं कशाला? बायको दार उघडते आणि 'आलात?' म्हणते, यात भिण्यासारखं काय?

हे मी स्वतःशी दोन-तीनदा म्हटलं, आणि मग मला स्टेनोबाईंचं बोलणं आठवलं. खोलीत दोघं आहेत.

तिच्या आयुष्यात 'थांबा, मीच बघते' असं ती एकाच माणसाला म्हणते. मला. म्हणजे आत मी आहे. टेबलाशी बसलेलो आहे.

आणि दार वाजवण्याची ती पद्धतही जगात एकाच माणसाची आहे.

६

सावली आधी येते, मग माणूस येतो. पोस्टमास्तरांचं हे वाक्य डोक्यातून जाईना. मी ठरवलं, येऊ द्यायचंच नाही. म्हणजे तिने त्या टकटकीला दार उघडायचं नाही. कोणालाही उघडू दे, त्याला नाही.

दुसऱ्याच दिवशी मी मागच्या दाराला विजेची घंटी बसवली. गल्लीतल्या सगळ्यांना सांगितलं, दार वाजवायचं नाही, बटण दाबायचं. दारावर पाटीही लावली. आणि मी स्वतः टकटक बंद केली. किल्लीने उघडायचो, नाहीतर गल्लीतूनच हाक द्यायचो, "अगं, मी आलो!"

"काय हे, भाजीवाल्यासारखं ओरडता," ती म्हणाली. "टकटक का नाही करत हल्ली?"

"घंटी आहे ना आता."

"घंटी परक्यांना. तुमची टकटक ऐकली की बरं वाटायचं मला."

"बोटं दुखतात गं."

हे खोटं होतं. तिने माझी बोटं हातात घेऊन बघितली, तेल लावून दिलं. मला फार वाईट वाटलं.

घंटी वाजली की मी तिच्या आधी उठायचो. ती दिवसातून दहादा 'थांबा, मीच बघते' म्हणते. दूध उतू जातं तेव्हा, फोन वाजतो तेव्हा, काहीतरी पडतं तेव्हा. प्रत्येक वेळी मी धावायचो.

"लग्नात तरी एवढी धावपळ केली होती का?" ती हसायची. "बसा हो. पडाल कुठेतरी, मग मलाच निस्तरावं लागेल."

तिला मी काही सांगितलं नाही. काय सांगणार? की एका रॉक बँडच्या रेकॉर्डमध्ये तू आहेस, आणि तू दार उघडतेस, आणि दाराबाहेरच्या माणसाला बघून तुला आनंद होतो?

७

गेल्या आठवड्यातल्या गुरुवारी, दुपारी चारच्या सुमारास, आम्ही टेबलाशी बसलो होतो. ती शेंगा सोलत होती. मी एका प्लेअरची मोटर उघडली होती. डोक्यावर पंखा फिरत होता. रस्त्यावर कोणीतरी टेम्पो मागे घेत होतं.

वीज गेली.

पंखा हळूहळू थांबला. फ्रिजची घरघर थांबली. टेम्पोही गेला असावा. घरात इतकी शांतता झाली की तिच्या बोटांतली शेंग फुटलेली मला ऐकू आली. अशी शांतता मी आधी कुठेतरी ऐकली होती. कुठे, ते आठवायला मला जरा वेळ लागला. मला नेहमीच वेळ लागतो.

रेकॉर्डमध्ये पंखा नव्हता.

घंटी विजेवर चालते, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

टकटक.

ती मान वर करून माझ्याकडे बघायला लागली. मग दाराकडे. मग पुन्हा माझ्याकडे. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. दुकानात दोन सारखे कप बघितल्यावर माणूस जसा बघतो, तसं बघत होती.

खंड. बाहेरचा तिची पावलं ऐकत होता.

तिने शेंगांचं ताट बाजूला ठेवलं. "थांबा, मीच बघते."

पहिलं पाऊल, दुसरं. टक. तिसऱ्याला मी तिचं मनगट धरलं. मोटर खाली पडून तिचे स्क्रू जमिनीवर घरंगळत गेले.

"नको," मी म्हणालो.

"अहो, पण ही तर..." ती थांबली. "ही तर तुमची टकटक."

"नको गं."

दाराखाली बोटभर फट आहे. तिथून गल्लीतलं ऊन आत येतं. त्या उन्हात दोन पायांची सावली होती. डावा पाय जरा बाहेर वळलेला. माझा डावा पाय तसा वळतो, लहानपणापासून. माझ्या चपला माझ्याजवळ, टेबलाखाली होत्या. मी पायाने चाचपून बघितल्या.

सावली किती वेळ होती, सांगता येणार नाही. पुन्हा टकटक झाली नाही. बाहेरचा वाट बघत होता, घाई न करता, ज्याला आपण इथलेच आहोत याची खात्री असते तसा. मग सावली सरकली. पावलं गल्लीतून गेली, हळू, जशी एखाद्या थकलेल्या माणसाची जातात.

वीज आली. पंखा फिरायला लागला. मी तिचं मनगट सोडलं. त्यावर माझ्या बोटांचे वळ उठले होते.

मला वाटलं, वाचलो. दार उघडलं गेलं नाही. 'आलात?' कोणी म्हटलं नाही.

८

आम्ही पुन्हा टेबलाशी बसलो. तिने शेंगा हातात घेतल्या नाहीत.

"बाहेर कोण होतं?" तिने विचारलं.

"माहीत नाही."

"तुम्हाला माहीत होतं. म्हणून घंटी लावलीत."

ती मनगट चोळत राहिली. मग जरा हसली, पण ते हसू तोंडावर टिकलं नाही.

"वाजवून दाखवा."

"काय?"

"टकटक. टेबलावर. नेहमीसारखी."

यात काय आहे, मला वाटलं. मी हात उचलला आणि टेबलावर वाजवली.

टक. टक. टक.

तीन. एकसारखी.

"महिनाभर वाजवली नाही," मी म्हणालो. "सवय मोडली." आणि पुन्हा वाजवली. मी मनात म्हणत होतो, दोन पटकन, एक उशिरा. दोन पटकन, एक उशिरा. हात ऐकेना. मध्ये कुठे थांबायचं तेच त्याला कळेना. तिची पावलं ऐकायला थांबायचं असतं, पण ती तर समोर बसलेली होती. ती उठणार नव्हती.

तिने खुर्ची जराशी मागे घेतली, दाराच्या बाजूला.

हे झाल्याला दहा दिवस झाले. रविवारी मी शटर उघडलं नाही. पोस्टमास्तरांनी बाहेरून हाका मारल्या, मग गेले. ती माझं सगळं करते. जेवायला वाढते, माझी गोळी पाण्याच्या ग्लासाशेजारी ठेवते. कधीमधी माझ्या डाव्या पायाकडे बघते. पण त्या दिवसापासून तिने मला एकदाही 'अहो' म्हटलेलं नाही.

दुपारी चार वाजत आले की ती उठते. घंटीचं बटण बंद करते, पंखा बंद करते, फ्रिजचंही बटण बंद करते, आणि खुर्ची दाराजवळ नेऊन बसते. कान देऊन. तिचा हात कडीपाशी असतो.

मी टेबलाशी बसून गुडघ्यावर बोटं वाजवत राहतो. ती कडी काढायच्या आत मला ते जमलं पाहिजे. दोन पटकन. मग थांबायचं. मग एक.

अजून जमलेलं नाही.